वीजतंत्री आयटीआय की थेट डिप्लोमा? दहावीनंतरच्या निर्णयाबद्दल

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाला दहावीला ६८ टक्के गुण आहेत, घरातले पंखे आणि मिक्सर उघडून दुरुस्त करण्याची त्याला आवड आहे आणि शासकीय आयटीआयमध्ये त्याला वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, हा व्यवसाय मिळतो आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र ‘आयटीआय केलेला मुलगा कायम कामगारच राहतो, त्यापेक्षा फी भरून खासगी पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करू द्या’ असे म्हणत आहेत. मी काही वर्षे कारखान्याच्या देखभाल विभागात काम केले आणि त्यानंतर बावीस वर्षे आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो. तुम्ही वर्णन केलेल्या मुलासाठी मी आयटीआयच निवडेन, आणि ते डिप्लोमा परवडत नाही म्हणून नव्हे.

या अभ्यासक्रमात कशाला किती वजन आहे ते आधी पाहा. २०२२ च्या अभ्यासक्रमानुसार वीजतंत्री व्यवसायाच्या पहिल्या वर्षातील १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी सिद्धांताच्या पेपरला ३३ टक्के गुण पुरतात, परंतु प्रात्यक्षिकाला ६० टक्के मिळवावेच लागतात. हाताने काम करता आल्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये, असा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. का मान्य आहे, हे माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एक थ्री फेज मोटर, म्हणजे तीन फेजच्या तीन तारांवर चालणारी मोटर, बंद पडल्याची तक्रार आली. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा चुंबकीय स्विच, खट्कन ओढला जाई, पण मोटर फिरत नसे, नुसती घुमत राही. कॉन्टॅक्टर ओढला जातो म्हणजे वीजपुरवठा आहे, असे मी धरून चाललो. स्क्रू ड्रायव्हरच्या टेस्टरने मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही तारा तपासल्या तर तिन्हींवर दिवा लागला, त्यामुळे दोष वाइंडिंगमध्येच, म्हणजे मोटरच्या आतील तारेच्या वेढ्यांमध्येच, आहे असे ठरवून मी मोटर सोडवायला निघालो होतो. तेवढ्यात तेथील जुने वायरमन आले. त्यांनी २३० व्होल्टचे दोन दिवे सीरिजमध्ये जोडलेला टेस्ट लॅम्प घेतला, कारण दोन फेजमधील ४१५ व्होल्टवर एकटा दिवा उडतो, आणि तो दोन-दोन तारांमध्ये लावून पाहिला. पहिल्या दोन तारांमध्ये दिवे लख्ख लागले. तिसऱ्या तारेशी मात्र दोन्ही वेळा मंद लागले. तिसऱ्या फेजचा फ्यूज गेला होता. कॉन्टॅक्टरची कॉइल उरलेल्या दोन फेजवर असल्याने तो ओढला जात होता, आणि मोटरच्या वाइंडिंगमधून उलटा येणारा दाब त्या मृत तारेवरही टेस्टर पेटवत होता. आणखी काही मिनिटे मी बटण दाबत राहिलो असतो तर चांगली मोटर जळाली असती.

तीनपैकी एक फेज जाण्याच्या या दोषाला सिंगल फेजिंग म्हणतात. त्याची व्याख्या मी परीक्षेत लिहिली होती आणि तिला पूर्ण गुणही मिळाले होते. पण मोटर घुमताना नेमका कसा आवाज येतो आणि टेस्टर कुठे फसवतो, हे पॅनेलसमोर उभे राहिल्यावरच कळले. पुढे शिकवताना मी प्रत्येक तुकडीसमोर माझ्या देखरेखीखाली हाच दोष मुद्दाम निर्माण करीत असे आणि मुलांनाच तो शोधायला लावत असे.

आयटीआयच्या दोन वर्षांनंतर शिकाऊ उमेदवारीचे, म्हणजे अप्रेंटिसशिपचे, एक वर्ष असते. ते कृपया टाळू देऊ नका. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे आणि ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे. विद्यावेतन पगाराहून कमी असते म्हणून अनेक पालक मुलाला त्याऐवजी कंत्राटी कामावर पाठवतात. तेथे तो वर्षभर एकच यंत्र चालवतो. उमेदवारीत मात्र त्याला देखभाल, पॅनेल, सबस्टेशन अशा वेगवेगळ्या विभागांत काम शिकण्याची संधी मिळते आणि शेवटी स्वतंत्र राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येते. शासकीय नोकरीचा विचार असेल तर महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री (वायरमन) व्यवसायाचे आयटीआय प्रमाणपत्रच उपयोगी पडते.

‘कायम कामगार’ ही भीतीही खरी नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्या मुलाला महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. एक अडचण मात्र मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिली आहे : डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते, त्यामुळे दुसऱ्या वर्षात पाऊल ठेवताच ती गोंधळतात. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षापासून रोज तासभर त्रिकोणमिती आणि बीजगणित केले तर हा अडसर राहत नाही. उलट, मुलाला गणिताची खरी ओढ असेल आणि यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा त्याचे आरेखन करण्यात त्याचे मन रमत असेल, तर थेट डिप्लोमाच योग्य. तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटले नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मुलाला घेऊन, प्राचार्यांची परवानगी काढून, त्या संस्थेच्या कार्यशाळेत कामाच्या वेळी एकदा जाऊन या. इमारत किंवा सूचनाफलक पाहू नका. २० मुलांच्या तुकडीसाठी प्रत्यक्ष चालू असलेल्या मोटरी किती आहेत, त्या व्यवसायाचा नियमित निदेशक आहे की पद रिकामे आहे, वायरिंगचे बोर्ड मुलांनी वारंवार जोडून-सोडून वापरलेले दिसतात की धूळ खात आहेत, हे पाहा. तेथील एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा की त्याने स्वतःच्या हाताने स्टार-डेल्टा स्टार्टर (मोठी मोटर कमी प्रवाहावर सुरू करणारी जोडणी) किती वेळा जोडला आहे आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन कधी मोजले आहे. तो अडखळला तर जवळच्या दुसऱ्या आयटीआयचा पर्याय शोधा, रोजचा प्रवास तासाभराने वाढला तरीही. पाहून आल्यावर येथे कळवा. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीचे पर्याय कोणत्या क्रमाने भरायचे, ते आपण मिळून ठरवू.