पिकअप अचानक गेला, इंजिन लाइट लागलीय, मेकॅनिक म्हणतो थ्रॉटल बॉडी बदला. बदलू का?

लगेच बदलू नका, आधी स्कॅनर लावून बिघाडाचे कोड आणि लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे) बघायला सांगा, कारण बिघाड थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेत) आहे, ॲक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरमध्ये आहे की नुसत्या वायरिंगमध्ये, हे त्याशिवाय कळत नाही. मी हेच काम करतो आणि चांगली थ्रॉटल बॉडी उगाच बदललेली बऱ्याचदा बघितलीय. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, थ्रॉटलमध्ये पण दोन, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्यांची सतत तुलना करतो आणि जुळलं नाही की गाडी लिम्प मोडमध्ये (ताकद मुद्दाम कमी ठेवणाऱ्या सुरक्षित अवस्थेत) टाकतो, म्हणून पिकअप जातो. पी२१३८ आला तर आधी पेडल बघा, पी२१३५ आला तर बहुतेक गाड्यांत थ्रॉटलचे सेन्सर. मग इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून पेडल अगदी हळू दाबत जा, दोन्ही व्होल्टेज सलग बदलत गेले पाहिजेत, मधेच उडी किंवा खड्डा दिसला तर तो सेन्सर गेला, आणि आकडे ठीक असताना कनेक्टर हलवल्यावर नाचायला लागले तर दोष वायरिंग किंवा अर्थिंगचा. बॅटरीचं व्होल्टेज पण बघा, कमी असेल तरी असले कोड येतात. फक्त आयडलिंग खालीवर होत असेल तर आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून आयडल रीलर्न करा (म्हणजे ईसीयूला आयडलिंगची जागा परत शिकवा). साफ करताना इग्निशन बंदच हवं, चालू असताना त्या झडपेत बोट घालू नका, मोटर ती झडप झटक्यात बंद करते. एवढंच की व्होल्टेजचे नेमके आकडे प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात, ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशीच जुळवा.