१८० दिवस मोजायचे कुठून?

गुहागरच्या एका वाचकबाईंचं पत्र आहे. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचर बाजारातून त्यांनी ८५,००० रुपयांना हातकामाचा, दगडी मोझेकचा, ब्रुटलिस्ट म्हणजे मुद्दाम खडबडीत ठेवलेल्या शैलीचा टीपॉय घेतला. १२ डिसेंबरला ट्रान्सपोर्टकडे बुक केला, ४,२०० रुपये भाडं दिलं. माल चिपळूणच्या गोदामात पडून राहिला आणि २७ डिसेंबरला घरी आला तो दगड निखळून, एक पाय तडकून. पावतीवर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची, असं छापलंय. बाई लिहितात, ‘सहा महिने जूनअखेर होतील, तोवर फोनवर बोलणी करून बघते.’

अशी पत्रं मला दर मोसमात येतात, आंब्याच्या पेट्यांपासून कपाटांपर्यंत. सगळे ‘ओनर्स रिस्क’ला घाबरतात आणि घाबरायचं तिथे निवांत असतात.

बाई, रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा काढा, कलम १६. वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस १८० दिवसांच्या आत मिळाली नसेल तर दावाच लावता येत नाही. हे दिवस माल हातात पडल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे तुमची मुदत १० जूनला संपते. गोदामात गेलेले पंधरा दिवसही तुमच्याच खात्यात. ग्राहक आयोगात गेलं की यातून सुटका, असंही नाही. कलमात ‘दावा किंवा अन्य कायदेशीर कार्यवाही’ असे शब्द आहेत. ग्राहक कायद्याची दोन वर्षांची मुदत इथे उपयोगाची नाही.

पाच महिने तुम्ही ड्रायव्हरला फोन करत बसलात. त्या फोनचा कागद कुठाय? व्हॉट्सॲपवरचे निरोप लेखी नोटीस ठरतील का, यावर वाद घालता येईल, पण त्या भरवशावर राहू नका. नोटीस नुसती टाकून भागत नाही, पोचावी लागते. याच आठवड्यात स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या पावतीचा) नंबर, बुकिंगची तारीख, काय मोडलं आणि रक्कम, एवढं पुरे.

बाकीचं सावधपणे सांगतो. ‘ओनर्स रिस्क’ने निष्काळजीपणा माफ होत नाही. पण किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल, तर भरपाई साधारण भाड्याच्या दहापटीवर अडते. तुमच्या बाबतीत ४२,०००. टीपॉय होमस्टेच्या पडवीत ठेवणार असाल तर ग्राहक आयोगात ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, आक्षेप येईल; स्वतःच्या उपजीविकेचा धंदा असेल तर त्याला उत्तर आहे. निकालाला ग्राहक कायद्यात तीन महिने लिहिलेत, ते मनावर घेऊ नका.

एक मात्र नक्की विचारतील. ब्रुटलिस्ट म्हणजे ओबडधोबडपणा मुद्दाम राखलेला. कच्च्या काँक्रीटच्या फ्रेंच नावावरून आलेली ही शैली. समोरचा वकील म्हणणार, ‘हा टीपॉय असाच होता.’ तेव्हा विक्रेत्याकडून माल चढवण्याआधीचे फोटो आजच मागवा. आणि निखळलेले दगड डब्यात भरून ठेवा. फोटो काढून होईपर्यंत गवंड्याला हात लावू देऊ नका.