मोहाखालचा पाला जाळला तर जमिनीतला कार्बनही जळतो का?

वरचा पाला जळतोच. आग भराभर पुढे सरकली तर चार-पाच सेंटिमीटरच्या खाली धग फारशी पोचत नाही, तिथला कार्बन टिकतो. खरं नुकसान दरवर्षी जाळण्याने होतं: नवी भर थांबते आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. कार्बन सर्वाधिक असतो तो नेमका याच वरच्या थरात. म्हणून फुलं वेचायला पाला जाळू नका, झाडाखाली जाळी बांधा.

सागाचं पान पडलं म्हणजे कार्बन साठला, असं नाही. बुरशी आणि जिवाणू ते खातात आणि बहुतेक कार्बन वायू होऊन हवेत परततो. मागे राहतात त्यांचे मेलेले अवशेष. ते चिकणमातीच्या कणांना धरून बसतात. मेळघाटच्या काळ्या मातीत कॅल्शियमच्या आधाराने, गडचिरोलीच्या तांबड्या मातीत लोहाच्या ऑक्साइडवर. काही भाग मातीच्या कणसमूहांत अडकतो, जिथे जिवाणू सहज शिरत नाहीत. मुळांतून येणारा कार्बन मातीतच सुटतो, म्हणून पाल्यातल्यापेक्षा जास्त टिकतो.

मोजायचं असेल तर कार्बनची टक्केवारी, मातीची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि खोली गुणा: 1 × 1.3 × 30 सेंमी म्हणजे हेक्टरी 39 टन कार्बन. मुरमाचे खडे वजा केले नाहीत तर आकडा फुगतो. काळ्या मातीत चुनखडीही असते. नमुना जाळून एकूण कार्बन मोजणारं यंत्र तिचाही कार्बन धरतं, म्हणून आधी ती आम्लाने काढून टाका.