समुद्री बुरशीतून ॲलर्जीवर औषध मिळेल का?

प्रश्न असा होता: सोलापुरात यंत्रमागाजवळ राहतो, धूळ आणि गाजरगवताने सतत शिंका येतात, समुद्री बुरशीचं औषध कधी येईल?

बाजारात तरी अजून नाही, पण शोध खरा आहे. ॲलर्जीत ‘आयजीई’ ही प्रतिपिंडं मास्ट पेशींवर (नाक, त्वचा, फुप्फुसांतल्या संरक्षक पेशींवर) बसून असतात. परागकण आले की त्या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि शिंका, खाज आणणारं हिस्टामीन हे रसायन बाहेर पडतं. सेटिरिझिन ही ॲलर्जीची नेहमीची गोळी हिस्टामीनला त्याच्या जागी बसू देत नाही. पेशी मोकळी होणं मुळात थांबवण्याचं काम मात्र ती फारसं करत नाही. संशोधकांना नेमकं तेच करणारं संयुग हवंय. म्हणून समुद्रातल्या गाळातली, स्पंज या समुद्री प्राण्यातली बुरशी वाढवतात, अर्क काढतात आणि उंदराच्या आरबीएल-२एच३ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मास्ट पेशींसारख्या वागणाऱ्या) तपासतात. खोल समुद्रातल्या पेनिसिलियमसारख्या बुरशींच्या काही संयुगांनी तिथे परिणाम दाखवलाय.

समुद्रच का? खारट पाणी, प्रचंड दाब, अन्नाची टंचाई; तिथे तगायला बुरशी वेगळीच रसायनं बनवते. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्यावर, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे, ब्रोत्झू या इटालियन डॉक्टरांना बुरशी सापडली आणि तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन प्रतिजैविकं आली. मला या शोधाबद्दल आशा वाटते ती त्यामुळेच.

पण पेशींवरचं यश म्हणजे गोळी नव्हे. विषारीपणा, मात्रा, माणसांवरच्या चाचण्या, यात वर्षं जातात. तोवर कारखान्यात मास्क लावा, गाजरगवत फुलण्याआधी उपटा (हातमोजे घालून), आणि दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. कापसाच्या धुळीचा दम वेगळा असतो, त्याला ॲलर्जी समजून गोळ्यांवर काढू नका.