हान सम्राटांचं रेशीम : नजराणा की खंडणी?

प्रश्न असा आहे : प्राचीन चीनचे हान घराण्यातले सम्राट उत्तरेच्या शिओंग्नू टोळ्यांना दरसाल रेशीम धाडत, त्याला 'नजराणा' म्हणावं की 'खंडणी'? 'खंडणी' म्हटलं की गल्लीतला गुंड आठवतो, म्हणून विचारणारे बिचकलेत.

दोष त्यांचा नाही. 'खंडणीखोर', 'खंडणीविरोधी पथक' असं रोज ऐकवून बातम्यांनी या शब्दाची पार वाट लावली आहे. मूळ क्रियापद 'खंडणे', म्हणजे किंमत, भाडं, वाद एकदाचा ठरवून टाकणं. ठरीव रकमेवर जमीन कसायला देणं ते 'खंडानं देणं'. साखर कारखान्यांना जमिनी दिलेले खंडकरी शेतकरी त्यातलेच. 'खंड म्हणजे तुकडा, म्हणून खंडणी म्हणजे उत्पन्नाचा तुकडा' असं सांगणारे पंडित धातूपाशीच अडकून बसतात. तुकडा चौथाईतही असतो की! खंडणीत महत्त्व आकडा ठरण्याला. मराठी माणूस ठरवतो ते तोडूनच, हा माझा लाडका तर्क. वादावर आपण 'तोड' काढतो, तीही मला याच वळणाची वाटते.

असो, चीन. इ.स.पू. २०० मध्ये बायदेंगला मोदू या शिओंग्नू शान-यूनं, म्हणजे त्यांच्या राजानं, सम्राट लिउ बांगला सात दिवस वेढून धरलं. पुढे तह झाला : राजघराण्यातली मुलगी द्यायची, शिवाय दरसाल रेशीम, मद्य, तांदूळ. इतिहासकार सिमा छियान हे नोंदवताना म्हणतो की प्रत्येक जिन्नसाचं प्रमाण ठरलेलं होतं. झालं, हेच खंडणं! तहाचं चिनी नाव मात्र गोड : 'हे-छिन', सलोख्याची सोयरीक.

त्या नावाला भुलून 'भेटी' लिहिणाऱ्या अनुवादकांनी जिया यी वाचावा. या हान विद्वानानं सम्राट वेनला सुनावलं होतं : 'गोंग', म्हणजे वरिष्ठाला द्यायची भेट, देणं हे मांडलिकाचं काम, ते इथे सम्राट करतोय; पाय वर आणि डोकं खाली! नजराणा खालचा वरच्याला देतो, निदान कागदावर तरी. तेव्हा तो शब्द इथे बाद.

इ.स.पू. ५१ मध्ये हूहान्ये शान-यू स्वतः हान दरबारी मुजऱ्याला आला आणि सोनं, नाणी, आठ हजार ठाण रेशमी कापड घेऊन परतला. त्याला मात्र खंडणी म्हणू नका. तिथे आकडा सम्राटाच्या मर्जीचा होता, ती बक्षिसी.