अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी फेअरनेस ॲक्टचा भारतातली पेन्शन घेणाऱ्यांना फायदा होतो का?

होतो. ५ जानेवारी २०२५ ला बायडन यांनी या कायद्यावर सही केली आणि सोशल सिक्युरिटीच्या (पगारावरच्या करातून चालणारी अमेरिकेची सरकारी पेन्शन योजना) रकमेतल्या दोन जुन्या कपाती गेल्या. जास्त जाचक १९७७ ची. सोशल सिक्युरिटीत न येणाऱ्या शाळेतल्या शिक्षिकेला स्वतःची १,५०० डॉलर पेन्शन असेल, तर नवऱ्यामागे मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या रकमेतून त्या पेन्शनच्या दोन तृतीयांश, म्हणजे थेट १,००० डॉलर कापायचे! १९८३ ची दुसरी कपात स्वतःच्या सोशल सिक्युरिटीवर. तिच्यात परदेशी पेन्शनही धरायचे. त्यामुळे इथली सरकारी पेन्शन घेऊन तिकडे दहा वर्षं कर भरलेले आपले लोकही सापडायचे. आधीपासून लाभ घेणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासूनचा फरक मिळतो. कपातीच्या धास्तीने अर्जच केला नसेल, तर आता करा. फक्त सोशल सिक्युरिटीचा निधी आटायची तारीख यामुळे साधारण सहा महिने अलीकडे सरकलीय.