रविवारी हौसेने सायकल चालवणाऱ्याने स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपचे पैसे भरावेत का?

आठवड्यातून एकदा-दोनदा खडकवासल्यापर्यंत जाऊन येत असाल, तर माझ्या मते नको. अंतर, वेळ, सरासरी वेग, चढ, नकाशा हे सगळं फुकटातच नोंदलं जातं. मे २०२० मध्ये स्ट्राव्हाने सेगमेंटची, म्हणजे रस्त्याच्या ठरावीक टप्प्यावर कोण किती वेगात गेलं याची, पूर्ण क्रमवारी आणि रूट आखायची सोय पैसे भरणाऱ्यांपुरती केली. सिंहगडाच्या चढावर आपला नंबर कितवा, याची खरंच ओढ लागली असेल किंवा दर रविवारी नवा रस्ता शोधायचा असेल, तर आधी फुकट ट्रायल घ्या. त्याच दिवशी ती संपायच्या आदल्या दिवसाचा अलार्म लावा, नाहीतर पैसे आपोआप कापले जातात. मी त्या पैशांत मागचा लाल दिवा आणि जास्तीची ट्यूब घेतली. पहाटेच्या अंधारात धायरीजवळ पंक्चर झालं तेव्हा दोन्ही कामाला आलं.